कापसाच्या खोलीतलं लिनक्स

लोणखेड्याच्या ललित पाटलाचं डोकं मोटारीत चालतं, माणसांत चालत नाही, असं त्याची बायको स्वप्नाली म्हणते, आणि ती उगीच बोलणाऱ्यांतली नाही. शहादा रस्त्याला ललितचं पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. नुसत्या आवाजावरून तो सांगतो की हिचं बेअरिंग गेलंय. मात्र समोरचा माणूस रागावलाय की थट्टा करतोय, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळतं, तेही कोणी सांगितलं तर. गोंधळला की चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसतो. त्याच्या सगळ्या शर्टांची टोकं चुरगळलेली असतात.

त्याला नाद एकच, आवाज भरण्याचा. घराच्या पुढच्या अंगाला, ओट्याला लागून कापसाची खोली. तिथे गेल्या दिवाळीपासून टेबल, जुना कॉम्प्युटर, एक बरा माइक आणि दोन मोठे स्पीकर. भजनी मंडळं येऊन गाऊन जातात. गावोगाव रिक्षातून फिरणाऱ्या जाहिराती तोच भरून देतो, ‘चला चला, बियाणं आलं’ पासून ‘हरवली आहे, हरवली आहे, काळी म्हैस’ पर्यंत. यात सुटतं किती ते स्वप्नालीने एकदा विचारलं होतं. ललितने चष्मा पुसला.

यंदा होळीच्या सुमारास कॉम्प्युटरने मान टाकायला सुरुवात केली. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर होतं चोरीचं, कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं. ते गाण्याच्या ऐन मध्यावर बंद पडायचं. ललित कॉम्प्युटरला काय काय शिव्या द्यायचा. शेवटी नंदुरबारहून त्याचा मित्र भाईदास आला. भाईदास आयटीआयमध्ये शिकवतो आणि लिनक्सचं नाव निघालं की त्याच्या अंगात येतं.

“लल्या, चोरीनं सॉफ्टवेअर वापरी ऱ्हायना, आनि वरथून मशीनले गाया दी ऱ्हायना,” तो म्हणाला. “काढी टाक बठ्ठं. लिनक्स टाकी देस. फुकट शे आनि इमानदार शे.”

इमानदार माणसांशी ललितचं जमतं, म्हणून त्याने हो म्हटलं. भाईदासने दुपारभर बसून जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स टाकलं. आवाज भरायला आर्डर नावाचं सॉफ्टवेअर दिलं, चहा घेतला, आणि ‘आते तू राजा शे’ असं सांगून नंदुरबारची गाडी धरली. त्याच आठवड्यात कापसाचा टेम्पोही भरून गेला होता. खोली झाडून झाली, कापसाने बुजलेली ओट्याकडची खिडकी उघडली, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं ललितचं टेबल ऐसपैस मधोमध आलं. नवी जागा, नवं मशीन. राजाला वाटलं, आता राज्य सुरू.

राज्य कसलं, नुसता घोळ. सी ड्राइव्ह सापडेना, कारण तो नव्हताच. स्पीकर लावले तर आवाज हेडफोनमध्ये, हेडफोन लावले तर आवाज कुठेच नाही. एका काळ्या खिडकीत पासवर्ड टाकायचा होता, तर टाईप करतोय आणि पडद्यावर काही दिसत नाही. त्याने भाईदासला फोन लावला.

“मी लिखी ऱ्हायनू, आनि उमटी नही ऱ्हायनं काही!”

“उमटत नही ते. लिखत ऱ्हाय आनि एंटर मार.”

“न दिसता लिखू?”

“देवले हात जोडस तव्हय देव दिसस का तुले?”

ललितने देवाचं नाव घेऊन एंटर मारलं, आणि चाललं की हो! का चाललं ते मात्र त्याला कळलं नाही. पुढचे कितीतरी दिवस त्याचं असंच चाललं होतं. जे बिघडायचं ते का बिघडलं कळायचं नाही, आणि जे सुधारायचं ते का सुधारलं तेही नाही.

या सगळ्यात एक दिवस त्याची आई, गजराबाई, खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात लसणाच्या पाकळ्या, नजर बाहेर ओट्याकडे. ओटा रिकामा होता.

“तुन्ही मशीन चालू व्हयनी का?” तिने हळूच विचारलं. “मन्हं एक गानं भरी दे. रुपाले धाडनं शे.”

ललितने आधी ओट्याकडे पाहून घेतलं. रुपा त्याची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी तिने नवापूरच्या, कोंबड्यांच्या खाद्याचा धंदा करणाऱ्या मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केलं, जातीबाहेर. तेव्हा नथ्थू आबांनी, म्हणजे ललितच्या वडिलांनी, भाऊबंदांसमोर सांगून टाकलं की या घरातून तिला मुराळी जाणार नाही आणि फोनही जाणार नाही. आता मुराळी म्हणजे काय ते खानदेशात सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. भाऊ घ्यायला जातो तेव्हा येते. भाऊ गेला नाही तर समजायचं की माहेर संपलं. सहा आखाज्या झाल्या, ललित गेला नव्हता. दिवाळीला चोरून एक शुभेच्छा पाठवायचा, तेवढंच.

“आबानी सांगेल शे ना, माय,” तो म्हणाला.

“मुराळी नको म्हनेल शे. फोन नको म्हनेल शे. गानं नको म्हनेल शे का?”

आई शाळेत गेली नाही, पण वकील झाली असती तर धुळ्याच्या कोर्टात गाजली असती. तिचं म्हणणं सोपं होतं. आखाजीच्या आत गाणं पोचलं, तर रुपाला कळेल की माहेर अजून आहे. यंदा नाही तर कधी? ती पंच्याहत्तरीला टेकली होती, आबा तर तिच्याही पुढे.

मग एका सकाळी, आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले असताना, पण ते वावरात गेलेत असं या दोघांना वाटत असताना, गजराबाई माइकसमोर बसली. ललितने हेडफोन कानावर घट्ट बसवले आणि डोळे पडद्यावरच्या हिरव्या-लाल पट्ट्यांना लावले. गाणं तिचं स्वतःचंच, झोक्यावर बसून रचलेलं.

निंबले बांधा झोका, झोका रिकामा हालस वं,
माय चुल्हापान बठनी, तिना जीव नही लागस वं…

आणि इथे ती थांबली. पुढच्या ओळीत बाप येतो. बाप ओट्यावर बसून लेकीची वाट पाहतो, अशी ती ओळ. या घरात ती ओळ म्हणायची म्हणजे खोटं बोलायचं, आणि गजराबाईच्या तोंडून देवाच्या-लेकीच्या गाण्यात खोटं निघेना. क्षणभर खोली गप्प राहिली. मग तिने एकदम वर पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि शेवटची ओळ घेतली.

पाखरू गये तापीपार, त्याले घर सांगी या वं.

“व्हयनं,” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावत उठून गेली. ललितला वाटलं, आई ओळ विसरली म्हणून खट्टू झाली.

त्याने गाणं लावून ऐकलं आणि त्याचाच चेहरा पडला. आवाज पोकळ येत होता. हिवाळ्यात याच माइकवर, याच खोलीत आईच्या ओव्या भरल्या होत्या, तेव्हा आवाज कसा जवळ आला होता, मांडीवर डोकं ठेवून ऐकल्यासारखा. आता ती विहिरीत उतरून गातेय असं वाटत होतं. बदललं काय होतं? माइक तोच, वायर तीच, आई तीच. बदललं ते लिनक्स. ललितने निकाल देऊन टाकला.

“भाईदास, तुन्हा लिनक्समा कोठे तरी रिव्हर्ब चालू शे.” रिव्हर्ब म्हणजे आवाजाला घुमारा देणारी करामत. ती मुद्दाम चालू करावी लागते.

“नही शे. लिनक्स आपला मनथीन काही टाकत नही.”

“शे म्हनस ना! मायना आवाज विहीरमाथून येस.”

मग त्या घुमाऱ्याची शोधाशोध सुरू झाली. ललितने आर्डरमधलं एकेक बटण पाहिलं. जिथे जिथे काही चालू दिसलं ते बंद केलं, आणि मग आवाजच बंद झाला. तो परत आणायला अर्धा दिवस गेला. परदेशातल्या लोकांनी लिहिलेले सल्ले त्याने मोबाइलवर भाषांतर करून वाचले. एक म्हणाला, सगळं काढून दुसरं लिनक्स टाक. दुसरा म्हणाला, पहिल्याचं ऐकू नको. तिसऱ्याने दोघांना शिव्या दिल्या होत्या. ललितला हसू आलं, हे तर आपल्या भाऊबंदकीसारखंच. पण घुमारा तसाच होता.

बाहेरही बोभाटा झाला. रसवंतीवाल्या रूपसिंगची जाहिरात त्याने याच नव्या मशीनवर भरून दिली होती. रूपसिंग दुकानात येऊन म्हणाला, “ललितभाऊ, हाऊ मानूस रस इकी ऱ्हायना का देऊळमा आरती करी ऱ्हायना? लोके चपला काढी उभा ऱ्हातीन ना!” दुकानातली चार माणसं खो खो हसली. ललितला ती तक्रार आहे की कौतुक, हे स्वप्नालीने घरी समजावून सांगितलं.

आईच्या गाण्यात आणखी एक कटकट होती. ती थांबली होती त्या जागी कसलीतरी खोल घरघर आली होती. पडद्यावर आवाजाची रेघ पाहिली तर दोन ओळींच्या मधे एक बुटका, मळकट डोंगर. ललितने कानाऐवजी डोळ्यांनी ऐकलं आणि ठरवलं, हाही लिनक्सचाच प्रताप. त्याने ती जागा निवडली आणि साफ करून टाकली. तिथे आता स्वच्छ शांतता होती. इतक्या दिवसांत त्याच्या हातून झालेलं हेच एक काम त्याला धड वाटलं.

मात्र घुमाऱ्याचं गाणं रुपाला कसं पाठवायचं? सहा वर्षांनी माहेरचा आवाज जायचा आणि तो विहिरीतून? आखाजी तोंडावर आली होती. तो आईला म्हणाला, “माय, आजून एकदाव म्हन.”

“नही. शे तेच धाड.”

“ते बराबर नही उनं.”

“बराबर शे,” एवढंच म्हणून ती भाकरी थापायला बसली. ललितला वाटलं, आपण तिचा आवाज वाईट म्हटलं, ती दुखावली. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला. एवढीशी गोष्ट, आईचं एक गाणं, आणि तेही या हातांना जमू नये? हे लिनक्स काढून टाकावं, चोरीचं तर चोरीचं, जुनं परत आणावं, असं ठरवून तो दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन मशीनसमोर बसला. बसला आणि लाइट गेली.

पडदा काळा, पंखा बंद. अंधुक खोलीत तो पेनड्राइव्ह हातात धरून बसून राहिला. इतक्यात स्वप्नालीने दारातून हाक मारली.

“जेवाले चाला, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!”

ललित ताडकन उठला. “परत बोल.”

“काय?”

“जे बोलनी तेच परत बोल!”

“मी काय टेप शे का?” स्वप्नाली म्हणाली, आणि ललितला ते स्पष्ट ऐकू आलं. बायकोच्या आवाजाला घुमारा होता! मशीन बंद, वीज नाही, लिनक्स मेल्यासारखं पडलेलं, आणि ‘टेप शे का’ चारी भिंतींना आपटून परत येत होतं. त्याने टाळी वाजवली. टाळीही घुमली. त्याने उघड्या भिंतींकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की हिवाळ्यात इथे छतापर्यंत कापूस होता. आवाज कापसात जिरत होता. कापूस विकला तसा घुमारा आला. लिनक्स बिचारं त्याच आठवड्यात घरात आलं म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

“कापूस!” तो ओरडला.

“तो तं गया,” स्वप्नाली म्हणाली. तिला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं याचं.

जेवण तसंच राहिलं. ललितने घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोदड्या काढल्या आणि खिळे ठोकून भिंतींवर टांगल्या. खिडकी उशीने बुजवली. लाइट आल्यावर बोलून पाहिलं, आवाज एकदम जवळचा, गोड. तो पोरासारखा धावत आईकडे गेला.

“गोदड्या बांधी दिन्यात, माय. आते म्हन. आते मस्त येस.”

गजराबाई दारात आली. गोदड्या पाहिल्या, बुजवलेली खिडकी पाहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“कसाले? पहिलं शे ना, तेच धाड.”

“त्यामा घुमारा शे. आनि मधमा घरघर व्हती, ती मी साफ करी टाकी.”

“कसानी घरघर?”

“तू थांबनी ना, तठे.”

आईचा चेहरा पाहून ललितचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. ती रागावली होती की घाबरली होती, त्याला कळेना. ती दारातून पुढे आली आणि तिने त्याचा दंड धरला.

“आन ती परत.”

“माय, घरघर शे ती!”

“घरघर नही ती. तुन्हा बाप शे.”

ललित खाली बसला. पुसलेलं परत येतं का? विंडोजवर त्याने असं किती तरी घालवलं होतं. त्याने भाईदासला फोन लावला.

“लल्या, पुसेल काहीच नही,” भाईदास शांतपणे म्हणाला. “आर्डर मूळ आवाजले हात लावत नही. तू फक्त झाकेल शे. झाकन काढ.”

त्याने झाकण काढलं. आईच्या हुकमावरून आवाज मोठा केला. निंबले बांधा झोका. माय चुल्हापान बठनी. मग ती शांतता, आणि त्या शांततेत, रिकाम्या खोलीने खिडकीतून आत ओढून घेतलेला, ओट्यावरचा तो जाड, सुपारी अडकलेला आवाज. गात नव्हता, नुसती ओळ सांगत होता, आई विसरली असं समजून.

बाप वट्टावर बठना, आंडेरनी वाट पाहस वं.

सहा वर्षांत त्या तोंडून ‘आंडेर’, म्हणजे लेक, हा शब्द निघाला नव्हता. खिडकीशी कापूस रचलेला असता तर गाणं ओट्यावर गेलं नसतं आणि ओळ आत आली नसती. ललितच्या डोळ्यांना धार लागली आणि चष्मा काढायचंही त्याला सुचलं नाही. मुख्य म्हणजे त्याला लाज वाटली. मोटारीचं बेअरिंग ओळखणाऱ्या कानांनी बापाला ओळखलं नव्हतं.

“तुले तव्हयच ऐकू उनं व्हतं?” त्याने आईला विचारलं.

“मी काय कानमा बोंडं घाली बठनी व्हती का?” गजराबाई हेडफोनकडे बोट दाखवत म्हणाली. “धाड आते.”

घुमाऱ्यासकट, घरघरीसकट त्याने ते गाणं रुपाला पाठवलं. गोदड्या उतरवल्या, कारण स्वप्नालीला त्या धुवायच्या होत्या. संध्याकाळ झाली तरी उत्तर नाही. निळ्या खुणा आल्या होत्या, म्हणजे तिने ऐकलं होतं. मग काय झालं? रागावली? नवऱ्याने अडवलं? आपण पाठवायला नको होतं का? ललित मोबाइल उघडून पाही, ठेवी, पुन्हा पाही. आबा ओट्यावर नेहमीसारखे बसले होते, पाठ करून, आणि त्यांना कितपत माहीत आहे याचा त्याला काही अंदाज लागेना.

सकाळी रुपाचा आवाज आला, भरून पाठवलेला. ललितने मोबाइल कानाला लावला तर आईने तो हिसकावला.

“मोठला पेटीवर लाव. आनि खिडकी उघड.”

त्याने स्पीकरला जोडलं, खिडकी उघडली. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट. मग रुपा बोलली, आणि त्या रिकाम्या खोलीत तिचा आवाज एवढा मोठा झाला की आळीत ऐकू जावा.

“माय, ऐकं मी. रातभर ऐकं.” थोडा वेळ नुसत्या कोंबड्या. “आबाले ईचार, मुराळी कोन येस?”

ओट्यावर अडकित्त्याचा आवाज थांबला. आत स्वप्नालीही पिठाच्या हातांनी दाराशी आली. मग खिडकीच्या गजांपलीकडून आबांचा आवाज आला, या वेळी कोणालाही घरघर वाटणार नाही असा.

“नवापूरनी यष्टी कव्हय शे?”

ललित चष्मा पुसत बाहेर धावला. आबा उभे राहून टोपी झटकत होते. हे खरंच होतंय की काय, हे अजून त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

“आबा, तुम्ही कसाले तरास करतस? मी जास ना मोटरसायकलवर. मुराळी भाऊच जास.”

नथ्थू आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि ओट्याची पायरी उतरले.

“तिनी तुले नही ईचारं,” ते म्हणाले. “माले ईचारं. मी जास.”